द्राक्षबागेतील फवारणी यंत्रांची तुलना आणि ड्रिफ्टचे मोजमाप

दोन फवारणी यंत्रांपैकी चांगले कोणते, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड किंवा दिंडोरी तालुक्यात एखाद्या द्राक्ष बागायतदाराला तो विचारून पाहा. कोणी सांगेल, ज्याने पाने जास्त ओली होतात ते. कोणी म्हणेल, ज्याला एकरी पाणी कमी लागते ते. तिसरा डिझेलचा खर्च काढून दाखवेल. यातले कोणतेच उत्तर चुकीचे नाही, पण एकही पुरेसे नाही. नोझलमधून बाहेर पडलेल्या एका लिटर द्रावणापैकी किती पानावर गेले, किती घडावर, किती जमिनीवर आणि किती वाऱ्याबरोबर बागेबाहेर, हा पूर्ण हिशेब मांडल्याशिवाय दोन यंत्रांची तुलना होऊ शकत नाही. तो हिशेब कसा मांडायचा, हे या टिपणात पाहू. त्यासाठी द्रव यांत्रिकीचा एक अभ्यासक्रम झालेला असला की पुरे.

मी राहतो त्या लखनौच्या तेलीबाग भागात द्राक्षाचा वेल शोधूनही सापडणार नाही. इकडे फळबाग म्हणजे मलिहाबादचा आंबा. तरीही उदाहरण नाशिकचे घेतो. फवारणीतली चूक थेट मालाच्या किमतीत मोजावी लागते असे पीक म्हणजे निर्यातीचे द्राक्ष, आणि देशातले असे सर्वाधिक द्राक्ष महाराष्ट्रातून जाते.

द्राक्षातच हा प्रश्न एवढा टोकाचा का?

महाराष्ट्रात द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. फळछाटणीनंतर फूट कोवळी असतानाच परतीचा पाऊस झाला की केवडा येतो. या रोगाची बुरशी पानाच्या पर्णरंध्रांतून आत शिरते आणि ही रंध्रे पानाच्या खालच्या बाजूला असतात. त्यामुळे पानाची वरची बाजू कितीही चकचकीत ओली दिसली, तरी खालची बाजू कोरडी राहिली असेल तर संरक्षण अर्धेच. पुढे भुरी येते, फुलकिडे येतात, पिठ्या ढेकूण घडात लपून बसतो. म्हणून हंगामात फवारण्यांची संख्या मोठी असते आणि प्रत्येक फवारणीचा काही भाग वाया जातो.

दुसरी बाजू उर्वरित अंशाची. युरोपीय संघात ज्या रसायनासाठी एखाद्या पिकावर वेगळी मर्यादा ठरवलेली नसते, तिथे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागू होते. म्हणजे एक किलो द्राक्षात एका ग्रॅमचा एक लाखावा भाग. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडली. ते वाढरोधक शेतकऱ्यांनी स्वतःच आपल्या बागेत वापरलेले होते, ड्रिफ्टमुळे आलेले नव्हते. पण दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या अंकावर पूर्ण हंगाम अडकू शकतो, हे त्या वर्षी सगळ्यांना समजले. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र (स्थापना १९९७) अशा रसायनांवर देखरेखीचे काम करते, आणि अपेडाच्या ग्रेपनेट प्रणालीत निर्यातीच्या बागेची नोंद असते, त्यामुळे पेटीपासून बागेपर्यंत माग काढता येतो.

आता ड्रिफ्ट या हिशेबात कुठे बसतो ते एका ढोबळ गणिताने पाहू. समजा शेजारच्या शेतात हेक्टरी ५०० ग्रॅम क्रियाशील घटक फवारला. हे प्रमाण दर चौरस सेंटिमीटरला ५ मायक्रोग्रॅम होते. त्याचा फक्त १ टक्का तुमच्या बागेच्या कडेला पोचला, तर तिथे दर चौ.सेंमी. ०.०५ मायक्रोग्रॅम जमा होईल. ४०० ग्रॅमच्या घडाची फवाऱ्याला सामोरी येणारी बाजू १५० चौ.सेंमी. धरा. घडावर ७.५ मायक्रोग्रॅम आले, म्हणजे किलोमागे जवळपास ०.०१९ मिलिग्रॅम. सरसकट मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट! बागायतदाराने त्या औषधाची बाटली हातातही धरलेली नाही. प्रत्यक्षात रसायन दिवसागणिक विघटन पावते, पाऊस काही भाग धुऊन नेतो. तरी काढणी जवळ असेल तर एक टक्का हा किरकोळ आकडा राहत नाही.

थेंबाचे पदार्थविज्ञान

फवारा म्हणजे एका आकाराचे थेंब नव्हेत. एकाच नोझलमधून २० मायक्रॉनपासून ५०० मायक्रॉनपर्यंतचे थेंब एकाच वेळी बाहेर पडतात. स्थिर हवेत थेंब कोणत्या वेगाने खाली येतो हे लहान थेंबांसाठी स्टोक्सच्या नियमाने काढता येते: वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ५० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला सुमारे ७.५ सेंटिमीटर खाली येतो. १०० मायक्रॉनचा सुमारे २५ सेंटिमीटर, २०० मायक्रॉनचा सुमारे ७० सेंटिमीटर. (शेवटच्या दोन आकड्यांना स्टोक्सचा नियम तसाच लावला तर उत्तर जास्त येते, २०० मायक्रॉनला तर बरेच जास्त, रेनॉल्ड्स अंक एकच्या वर गेला की तो नियम सोडावा लागतो. परीक्षेत हे विसरू नका.)

दोन मीटर उंचीवरून थेंब सुटला आणि वारा सेकंदाला २ मीटर असेल, तर २०० मायक्रॉनचा थेंब सहा मीटरच्या आत जमिनीवर येतो, १०० मायक्रॉनचा सुमारे १६ मीटरवर आणि ५० मायक्रॉनचा ५० मीटरच्या पुढे. हे हवेची खळबळ बाजूला ठेवून.

पण ५० मायक्रॉनचा थेंब बहुधा खाली पोचतच नाही. पाण्याच्या थेंबाचे आयुष्य काढायचे एक जुने सूत्र आहे: व्यास मायक्रॉनमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि त्याला कोरड्या व ओल्या तापमापीतल्या फरकाच्या ८० पटीने भागा, उत्तर सेकंदात येते. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर हा फरक सुमारे ८ अंश. मग १०० मायक्रॉनचा थेंब सुमारे १५ सेकंद टिकतो आणि ५० मायक्रॉनचा जेमतेम ४ सेकंद. पाणी उडून गेले, तरी त्यातले औषध उडत नाही. ते बारीक कणाच्या रूपात हवेतच राहते आणि वारा नेईल तिथे जाते. दुपारच्या उन्हात फवारणी टाळा असे जे सांगितले जाते त्यामागे हेही एक कारण आहे.

मग सगळे थेंब मोठेच का करू नयेत? कारण आकारमान व्यासाच्या घनावर अवलंबून असते. ४०० मायक्रॉनच्या एका थेंबातल्या पाण्यात १०० मायक्रॉनचे ६४ थेंब होतात. मोठे थेंब कमी जागा झाकतात, पानावर आदळून उडतात किंवा एकत्र होऊन ओघळतात, आणि पानांच्या आत वळून खालच्या बाजूला जाण्याची त्यांची क्षमता कमी असते. लहान थेंब आच्छादनाला चांगले आणि ड्रिफ्टला वाईट. फवारणी यंत्राच्या रचनेतली सगळी ओढाताण या एका वाक्यात आहे.

यंत्रे आणि बागेची मांडणी

नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागांमध्ये तीन प्रकार तुम्हाला दिसतील. पहिला, एचटीपी पंप आणि गन. उच्च दाबाचा पंप, लांब पाइप आणि हातात गन धरून चालणारा माणूस. पाणी भरपूर लागते, पाने ओघळेपर्यंत भिजतात, आणि फवारणारा स्वतः त्या धुक्यातून चालतो. दुसरा, ट्रॅक्टरचा ब्लोअर. यात पंखा हवेचा झोत तयार करतो आणि त्या झोताच्या तोंडाशी नोझल थेंब सोडतात. थेंबांना वाहून नेण्याचे काम हवा करते, दाब नव्हे. तिसरा, इलेक्ट्रोस्टॅटिक स्प्रेअर. जॉर्जिया विद्यापीठातल्या एडवर्ड लॉ यांच्या संशोधनातून पुढे आलेल्या या प्रकारात ३० ते ४० मायक्रॉनच्या आसपासच्या थेंबांना विद्युतभार दिला जातो. जमिनीशी जोडलेले पान त्या थेंबांना ओढून घेते आणि काही थेंब वळून पानाच्या मागेही चिकटतात. माझे मत असे की इलेक्ट्रोस्टॅटिक यंत्राचे कौतुक जरा जास्त होते. भारित थेंब सर्वात जवळच्या पानाकडे, म्हणजे बाहेरच्या थराकडे आधी ओढले जातात. दाट बागेत आत किती जातात हे मोजूनच ठरवायला हवे. जे थेंब पानाला गाठू शकले नाहीत, ते इतके बारीक असतात की त्यांचा ठावठिकाणा लागणे कठीण.

ब्लोअरच्या पंख्याबद्दल एक आकडेमोड करून ठेवा. ताशी ४ किलोमीटर वेग, ओळींतले अंतर २.७ मीटर (नऊ फूट) आणि पानांची उंची २ मीटर धरली, तर यंत्र तासाला २१,६०० घनमीटर हवेच्या पट्ट्यातून जाते. पानांमधली हवा बदलायला याच्या साधारण एक तृतीयांश झोत पुरतो, म्हणजे सेकंदाला सुमारे २ घनमीटर. याहून खूप जास्त हवा दिली तर थेंब पानांतून आरपार जाऊन पलीकडच्या ओळीच्याही पुढे निघतात. ‘पंखा मोठा तो ब्लोअर चांगला’ ही समजूत इथे मोडते. अक्षीय पंख्याची आणखी एक खोड लक्षात ठेवा. पंखा फिरत असल्यामुळे झोताला पीळ पडतो. एका बाजूला हवा वर चढते, दुसऱ्या बाजूला खाली दबते. म्हणून डाव्या आणि उजव्या बाजूचे नमुने वेगवेगळे घ्यायचे, एकत्र करून सरासरी काढायची नाही.

आता बागेची मांडणी, जी पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाही. युरोपातल्या द्राक्षबागा बहुतांशी उभ्या भिंतीसारख्या असतात. आपल्याकडे वाय पद्धत आहे आणि मांडव पद्धत आहे. मांडवात पाने डोक्यावर छतासारखी पसरतात, घड खाली लोंबतात आणि ट्रॅक्टर छताखालून जात वरच्या दिशेने फवारतो. पानाची खालची बाजू थेट समोर येते, हा फायदा. पण छताच्या फटीतून जो फवारा वर निसटतो, त्याला अडवायला वर काहीच नसते. उभ्या भिंतीच्या बागेत आरपार गेलेला थेंब निदान पुढच्या ओळीवर आपटतो. म्हणून युरोपातल्या बागेत पहिले आलेले यंत्र मांडवात पहिले येईलच, असे गृहीत धरू नका.

प्रयोग कसा करावा

खरे औषध वापरून प्रयोग करण्याची गरज नाही. खाद्यपदार्थांत वापरला जाणारा टार्ट्राझिन हा पिवळा रंग पाण्यात मिसळून फवारा. पाने तोडा, ठरावीक पाण्यात धुवा, त्या पाण्याची शोषकता स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४२७ नॅनोमीटरच्या आसपास मोजा. १०० चौ.सेंमी.चे पान ५० मिलिलिटर पाण्यात धुतले आणि रंगाचे प्रमाण मिलिलिटरला ३ मायक्रोग्रॅम आले, तर पानावर दर चौ.सेंमी. १.५ मायक्रोग्रॅम जमा झाले. फवारणीपूर्वीची कोरी पानेही तपासा, आणि प्रत्येक फेरीत टाकीतला नमुना घ्या. टाकीतले प्रमाण तुम्ही तोलून टाकले त्यापेक्षा वेगळे निघू शकते.

पाणीसंवेदी कागद (पिवळा कागद, थेंब पडला की निळा डाग) पानाच्या दोन्ही बाजूंना लावला तर आच्छादन डोळ्यांना दिसते. शेतकऱ्याला दाखवायला याहून चांगले साधन नाही. पण तो कागद प्रमाण सांगत नाही, सर्वात बारीक थेंब त्यावर नीट उमटत नाहीत आणि दमट पहाटे तो आपोआप निळा पडतो.

आता तुलनेतली सर्वात मोठी गफलत. आपल्याकडे औषधाचे प्रमाण बहुधा ‘लिटरला इतके ग्रॅम’ असे सांगतात. गनने हेक्टरी १००० लिटर आणि ब्लोअरने ६०० लिटर पाणी लागत असेल आणि दोन्ही टाक्यांत लिटरला १ ग्रॅम रंग असेल, तर गनने १००० ग्रॅम आणि ब्लोअरने ६०० ग्रॅम रंग शेतात टाकला. तुलना सुरू होण्याआधीच तराजू झुकला!

एक कल्पित उदाहरण सोडवू. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. पानांचे एकूण क्षेत्रफळ जमिनीच्या दुप्पट आहे असे धरा. गनने पानावर दर चौ.सेंमी. २.० मायक्रोग्रॅम जमा झाले, ब्लोअरने १.५. पहिल्या नजरेत गन जिंकली. पण गनने टाकलेला रंग जमिनीच्या दर चौ.सेंमी.ला १० मायक्रोग्रॅम आणि ब्लोअरचा ६ मायक्रोग्रॅम. म्हणून पानावर पोचलेला वाटा गनचा ४० टक्के, ब्लोअरचा ५० टक्के. निकाल उलटला. आता जमिनीवरच्या पेट्री डिशमध्ये गनचे ४.५ आणि ब्लोअरचे १.५ मायक्रोग्रॅम सापडले, म्हणजे ४५ आणि २५ टक्के. बाकी उरले गनचे १५ टक्के आणि ब्लोअरचे २५ टक्के. पानावर जास्त पोचवणारे यंत्रच हवेतही जास्त सोडत असण्याची शक्यता आहे. शक्यता म्हणतो, कारण ही ‘बाकी’ म्हणजे ड्रिफ्ट नव्हे. तिच्यात काड्या, ओलांडे, घड आणि मोजमापातल्या सगळ्या चुका येतात. ड्रिफ्ट थेटच मोजावा लागतो.

सरासरीबरोबर विखुरणीही द्या. एका पानावर ३ आणि दुसऱ्यावर शून्य, याचीही सरासरी दीडच येते. केवडा मात्र त्या शून्याच्या पानावर येतो.

ड्रिफ्ट थेट मोजताना

शेतातल्या ड्रिफ्टच्या मोजणीसाठी आयएसओ २२८६६ हे मानक आहे. वाऱ्याचा सरासरी वेग सेकंदाला किमान १ मीटर हवा आणि त्याची दिशा यंत्राच्या मार्गाशी काटकोनापासून ३० अंशांच्या आत हवी. वारा नसताना घेतलेली मोजणी यंत्राला फुकटचे गुण देते. बागेच्या कडेपासून वाऱ्याच्या दिशेने ३, ५, १०, १५, २० मीटरवर जमिनीवर फिल्टर पेपर ठेवा, आणि एका खांबावर वेगवेगळ्या उंचीला दोऱ्या ताणून हवेतला फवाराही पकडा. मांडवासाठी या दोऱ्या छताच्या बऱ्याच वरपर्यंत न्याव्यात, नाहीतर वर निसटलेला ढग हिशेबातून सुटेल. एक यंत्र सकाळी आणि दुसरे दुपारी, असे कधीही करू नका. फेऱ्या आलटून पालटून घ्या: पहिले, दुसरे, दुसरे, पहिले.

तुलनेसाठी हाताशी एक पाया आहे. जर्मनीत गान्झेलमायर (१९९५) आणि राउटमान (२००१) यांच्या गटांनी अनेक चाचण्यांवरून प्रमाण मूल्ये काढली. पानांनी भरलेल्या द्राक्षबागेसाठी कडेपासून ३ मीटरवर ८.०२ टक्के, ५ मीटरवर ३.६२ टक्के, १० मीटरवर १.२३ टक्के. शंभरातल्या नव्वद चाचण्यांत याहून कमी येईल असे हे आकडे आहेत, म्हणजे मुद्दाम सावध. फळझाडांसाठी ३ मीटरवर पानांनी भरलेल्या काळात १५.७३ आणि पाने येण्याआधी २९.२० टक्के, थेंब अडवायला पानच नाही, तर तो जाणार कुठे? द्राक्षाची वक्ररेषा अशी: ४४.७६९ ला अंतराच्या (मीटरमध्ये) १.५६४३ व्या घाताने भागा, टक्केवारी मिळते.

ही रेषा आपल्या सुरुवातीच्या घडाला लावून पाहा. शेजारीही द्राक्षबाग आहे, तिथे हेक्टरी ५०० ग्रॅम फवारले आहे, आणि त्याच दिवशी तुमच्या घडावर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आहे. त्यासाठी ड्रिफ्ट ०.५३ टक्क्यांच्या आत हवा आणि त्याला १७ मीटर अंतर लागते. नाशिकमध्ये दोन बागांच्या मध्ये पुष्कळदा फक्त एक बांध असतो. मात्र यंत्राने ड्रिफ्ट निम्मा केला तर ११ मीटर पुरतात, ७५ टक्के कमी केला तर ७, आणि ९० टक्के कमी केला तर ४ मीटर. घट साधायची साधने फार महाग नाहीत: हवा ओढून जाड थेंब करणारी नोझल, पानांच्या वर जाणारी नोझल बंद ठेवणे, पंख्याचा वेग कमी करणे, आणि कडेच्या शेवटच्या ओळींवर फक्त बाहेरून आतल्या दिशेने फवारणे. शेवटच्या उपायाला तर पैसाही लागत नाही, ट्रॅक्टरची एक फेरी वाढते एवढेच.

सरावासाठी: वरच्या उदाहरणात मात्रा हेक्टरी १००० ग्रॅम केली तर ही चारही अंतरे किती होतील ते काढा. मग हा विचार करा: वक्ररेषा जमिनीवर पडलेल्या फवाऱ्याची आहे आणि घड जमिनीपासून वर, वाहत्या हवेत लोंबतो. घडाला प्रत्यक्षात या हिशेबापेक्षा जास्त मिळेल की कमी? बाजूने आदळणारे ५० मायक्रॉनचे आणि २०० मायक्रॉनचे थेंब वेगवेगळे घेऊन उत्तर लिहा.